कोळसामंत्री साहेब, नव्या खाणी आमच्या नावावर खपवू नका

प्रति,
मा. केंद्रीय कोळसा मंत्री
आणि मा. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

दोघांना एकच पत्र लिहितोय, कारण एकाला लिहिलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो हे सरकारी कचेऱ्यात खेटे घालून आमच्या चांगलं अंगवळणी पडलंय.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे, जॉबवर्कची. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचे काही पार्ट, जे येईल ते ओततो. वडिलांनी धंदा क्युपोलावर, म्हणजे कोकवर पेटणाऱ्या उभ्या भट्टीवर, सुरू केला, आता विजेवरची इंडक्शन फर्नेस आहे, पण काही मालाला अजून क्युपोला पेटवावाच लागतो. त्यामुळं मला कुणी झोळीवाला, विकासविरोधी वगैरे म्हणायच्या आधीच सांगून ठेवतो, कोळसा आणि कोक यावर माझं घर चाललंय, पोरांच्या फिया त्यातूनच भरल्यात आणि क्युपोलाच्या दिवशी संध्याकाळी नाक शिंकरलं की काय निघतं ते मला माहितीय.

पत्राचं कारण असं की परवा आमच्या उद्योजकांच्या एका कार्यक्रमात बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की तुमच्यासारख्या लहान उद्योगांना स्वस्त आणि अखंड वीज मिळावी म्हणूनच सरकार एवढ्या नव्या खाणी काढतंय. टाळ्या पडल्या. मला ते पटलं नाही आणि गप्प बसवेना. साहेब, खाणी काढायच्या की नाही हा तुमचा निर्णय, पण तो आमच्या नावावर खपवू नका. आम्ही मागितलेलं नाही हे. आम्ही मागितलं ते वेगळंच होतं, त्यावर येतोच.

आधी हिशोबाचं बोलू. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या हवामान परिषदेत आपल्या पंतप्रधानांनी जगासमोर सांगितलं की २०७० पर्यंत भारत नेट झिरो होणार, म्हणजे जेवढा कार्बन सोडेल तेवढा शोषला जाईल असं करणार, २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून, वीजक्षमता उभी करणार. त्याच परिषदेत कोळशाची वीज हळूहळू कमी करत न्यायची असं आपण मान्य केलं. चांगलंच केलं. आणि त्यातला एक भाग आपण वेळेआधी पूर्ण पण केला, २०२५ च्या मध्यात देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म झाला, निम्म्या वाट्याचं २०३० चं टार्गेट पाच वर्षं आधी गाठलं, याचा मला अभिमानच आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्षात तयार झालेली वीज वेगळी, युनिटमध्ये मोजलं तर अजून पाऊणच्या आसपास वीज कोळशाचीच आहे. आणि दुसऱ्या बाजूला २०२४-२५ मध्ये देशानं १,०४७ दशलक्ष टन, म्हणजे एक अब्जाच्या थोडा वर, कोळसा काढला, त्याचा सोहळा झाला, आणि लगेच २०२९-३० पर्यंत दीड अब्ज टनांचं लक्ष्य. शिवाय २०३२ पर्यंत ८० गिगावॅट नवी औष्णिक क्षमता.

आता मी कॉमर्सचा माणूस नाही, आयटीआय केलेला आहे, पण एवढं मला कळतं की जी गोष्ट कमी करायची आहे ती पाच वर्षांत जवळपास दीडपट करत असाल तर ती कधीतरी एका साली थांबून खाली यायला पाहिजे. ते साल कुठलं? एक खाण उघडली की तीस-चाळीस वर्षं चालते, त्यात पैसा अडकतो, रेल्वेलाईन पडते, त्या कोळशावर बेतून प्लांट उभा राहतो. २०३० ला उघडलेली खाण २०७० ला बंद करणार काय? आमच्याकडं साध्या हीटचं, म्हणजे एकदा माल वितळवून ओतायच्या फेरीचं, पण लॉगशीट असतं, किती वाजता चार्ज केला, किती वाजता ओतलं, कुठं थांबायचं. एवढ्या मोठ्या देशाच्या कोळशाचं लॉगशीट कुठंय?

तुम्ही म्हणाल, अमेरिका-युरोपनं दीडशे वर्षं जाळला, आता आम्हाला शिकवतात. शंभर टक्के बरोबर आहे. आपला माणशी कार्बन वर्षाला साधारण दोन टन, अमेरिकेचा त्याच्या सहा-सात पट, त्यांनी पैसे द्यायला पाहिजेत आणि ते देत नाहीत, हे भांडण तुम्ही जरूर भांडा, आम्ही तुमच्या मागं आहोत. पण पंचगंगेला पूर येतो तेव्हा पाणी विचारत नाही की हा कार्बन कुणाचा.

पुराचं थोडं सांगतो, कारण दिल्लीत बसून हे कळत नाही. जुलै लागला की कोल्हापूरचा प्रत्येक माणूस सकाळी उठून दोन आकडे बघतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट आणि राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले. ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी पंचावन्न फुटाच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, ट्रकांच्या रांगा, शहरात पेट्रोल नाही, भाजी नाही, दुधाचं संकलन ठप्प. माझ्याकडं कामाला असलेली निम्मी पोरं चिखली-आंबेवाडीकडची, ती म्हशी सोडवत फिरत होती, कामावर कोण येणार.

फाउंड्री उंचावर होती म्हणून वाचली. पण आमचे पॅटर्न करून देणारे मिस्त्री आहेत, त्यांचं शेड सखल भागात. पॅटर्न म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो लाकडी नमुना, सागवानी, त्याला रंग मारलेला, माप सुताला सूत. मिस्त्रींच्या माळ्यावर वीस-पंचवीस वर्षांचे पॅटर्न रचलेले होते, कितीतरी फाउंड्र्यांचे. पाणी ओसरल्यावर आम्ही बघायला गेलो तर वरून सगळं ठीक दिसत होतं, चिखल पुसला की रंग पण दिसायचा. मिस्त्रींनी कॅलिपर लावला. दोन-दोन, तीन-तीन मिलिमीटर फुगलेलं. जोड उघडलेले. एक पण मापात नाही. आणि हे पॅटर्न आमचे नसतात साहेब, कस्टमरचे असतात, त्यांची भरपाई आम्ही करायची. पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, हे लाकूड काय भावानं धरायचं? जळणाचा भाव लावला त्यानं.

पुराला एकटा कोळसा जबाबदार आहे असं मी म्हणत नाही. पूररेषेत भराव टाकून बंगले बांधणारे आमचेच लोक आहेत, हायवेचा भराव आहे, अलमट्टीच्या उंचीचं भांडण आहे, धरणातून पाणी सोडायच्या वेळा आहेत, त्या सगळ्यांशी आम्ही इथं भांडतोच आहे. पण मुळात आभाळातून पडणारा पाऊसच बदललाय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बाकीच्यांबरोबर मिळून २०१७ ला दाखवलं होतं की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीनं वाढल्यात. सरकारचीच संस्था आहे ती. आपला एक टन कोळसा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साईड हवेत जातो, दीड अब्ज टनाला किती ते तुमच्या खात्यात कुणीतरी गुणाकार करेल.

आता तक्रारी. थोड्याच आहेत पण मुद्द्याच्या आहेत.

पहिली, लोकांना न विचारता खाण वाढवणं. २०२२ च्या मे महिन्यात, उन्हाळ्यात कोळशाची टंचाई झाली म्हणून पर्यावरण मंत्रालयानं पत्रक काढलं, की ज्या चालू खाणींना ४० टक्क्यांपर्यंत वाढ मिळालीय त्या नवी जनसुनावणी न घेता ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. सहा महिन्यांपुरतं होतं हे मला माहितीय. पण सहा महिन्यांत मिळालेली परवानगी काय सहा महिन्यांनी परत जाते काय? साहेब, मला शेडमागं एक साधी भट्टी वाढवायची तर प्रदूषण मंडळाची कन्सेंट लागते, फी लागते, शेजाऱ्यानं तक्रार केली तर नोटीस येते, आणि ते असायलाच पाहिजे. मग आख्खी खाण निम्म्यानं वाढते तर तिथल्या माणसाला एकदा मांडव घालून विचारायला काय जातं? ज्याच्या घराच्या भिंतीला ब्लास्टिंगनं तडे जातात, ज्याची विहीर आटते, त्याला बोलू द्यायचं नाही आणि मग म्हणायचं देशहित.

दुसरी, जंगल. छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातले आदिवासी २०२१ ला ३०० किलोमीटर चालत रायपूरला गेले. भारतीय वन्यजीव संस्थेनं सांगितलं की चालू असलेली एक खाण सोडली तर बाकी हसदेवला हात लावू नका. २६ जुलै २०२२ ला छत्तीसगड विधानसभेनं एकमतानं ठराव केला, तिथले कोळसा ब्लॉक, म्हणजे खाणींसाठी आखून दिलेले पट्टे, रद्द करा. एकमतानं, साहेब. आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी सुद्धा एकमतानं ठरत नाही. आणि तरी २०२३ च्या डिसेंबरात पोलीस बंदोबस्तात तिथं झाडं पाडली. तिथला कोळसा विजेचा, तो क्युपोलाच्या कामाचा नाही, क्युपोलाला लागतो हार्ड कोक, तो होतो कमी राखेच्या कोकिंग कोलपासून आणि तो आपल्याकडं फार कमी आहे म्हणून परदेशातून येतो. हसदेवचं जंगल पूर्ण साफ केलं तरी माझ्या भट्टीत त्यातलं एक पाटीभर पडणार नाही. म्हणून म्हटलं, आमचं नाव घेऊ नका.

थांबवता येत नाही असं पण नाही. २०२० ला कमर्शियल मायनिंगचा लिलाव जाहीर झाला त्यात ताडोबाजवळचा बांदेर ब्लॉक होता. महाराष्ट्रात आरडाओरडा झाला, त्या वेळचे राज्याचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहिलं, आणि तो ब्लॉक यादीतून काढला गेला. देशाची वीज काय गेली नाही त्यामुळं. आता त्याच ताडोबातली वाघीण २०२५ ला आमच्या सह्याद्रीत, चांदोलीला आणून सोडली, इथं वाघ वाढवायचेत म्हणून. मोठा खर्च, मोठं कौतुक, आम्हालाही आनंद झाला. पण वाघ उचलून इकडं आणायचे आणि तिकडं त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर खाणी वाढवायच्या, हे एका सरकारची दोन खाती एकमेकांशी बोलत नसल्यासारखं दिसतं. म्हणून तर पत्र दोघांना.

(आमच्या राधानगरी, शाहूवाडी, चंदगडनं बॉक्साईटच्या खाणी बघितल्यात. खाण लागताना गावात किती गाड्या येतात आणि खड्डा सोडून जाताना किती येतात, ते आम्हाला नव्यानं सांगायला नको.)

तिसरी गोष्ट पैशाची आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. २०१० ला कोळशावर टनामागं ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला, पुढं १००, २००, आणि २०१६ पर्यंत ४०० झाला. हेतू लिहिलेला होता, या पैशातून स्वच्छ ऊर्जेची कामं करायची. २०१७ ला जीएसटी आला आणि तो उपकर राज्यांच्या जीएसटी भरपाईकडं वळवला. बरं. मग २०२५ च्या सप्टेंबरात तोही काढून टाकला, जीएसटी ५ वरून १८ टक्के केला, आणि टनाचा ठरलेला आकडा जाऊन टक्केवारी आल्यामुळं वीजप्रकल्पात जाणाऱ्या कमी दर्जाच्या स्वस्त कोळशावरचा एकूण कर उलट कमी झाला. म्हणजे जो पैसा साठवणुकीसाठी, वीजवाहिन्यांसाठी, खाणकामगारांसाठी लागणार होता तो आधी दुसरीकडं गेला आणि मग बंदच झाला. हे जर सहकारी सोसायटीत झालं असतं तर वार्षिक सभेत खुर्च्या उडाल्या असत्या. आणि धुराचं पण तेच, वीजप्रकल्पांच्या गंधकाच्या धुरासाठी २०१५ ला नियम केला, मुदती वाढवत वाढवत दहा वर्षं काढली आणि २०२५ च्या जुलैत जवळपास ७८ टक्के प्लांटना गंधक गाळायची यंत्रणा बसवण्यापासून सूटच दिली.

चौथं, ती स्वस्त वीज. माझं वीजबिल घेऊन बसा कधीतरी. त्यात एक ओळ असते, इंधन समायोजन आकार. कोळसा महागला, बाहेरून आणावा लागला, की त्याची वसुली त्या ओळीतून आमच्याकडून होते. कोटेशन मी तीन महिने आधी दिलेलं असतं, कस्टमर एक पैसा वाढवून देत नाही, त्यामुळं ती ओळ सरळ माझ्या खिशातून जाते. सूर्याला इंधन समायोजन आकार नसतो.

आणि रात्रीचं काय, असं विचाराल. विचारायलाच पाहिजे, कारण वितळलेला माल भट्टीत असताना लाईट गेली तर माल गोठतो, भट्टीचं आतलं लायनिंग फोडून गोळा काढायला लागतो, त्यामुळं अखंड वीज आम्हाला कुणापेक्षाही जास्त पाहिजे. पण आम्ही हललोय हे पण बघा. पूर्वी टीओडीत, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरात, सवलत रात्रीच्या विजेला होती म्हणून आमच्या सगळ्या हीट रात्री लागायच्या, पोरं रात्रभर जागायची. २०२५ च्या दरात सवलत दिवसाकडं, सोलरच्या तासांकडं आली, तर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी शिफ्ट दिवसाला आणली. कटकट झाली, पण आणली. शेतकऱ्याला विचारा, रात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जायला त्याला हौस नाही, गवा समोर येतो, साप येतो, दिवसाची सोलर फीडरची लाईट मिळाली तर तो दुवा देईल. म्हणजे मागणी उन्हाकडं सरकू शकते. आणि तुमच्याकडं राजस्थानात काय चाललंय, तर तयार झालेली सोलर वीज न्यायला लाईन नाही म्हणून भर दुपारी प्लांट बंद ठेवायला लावतात! कोळशाचे प्लांट एका मर्यादेच्या खाली उतरवता येत नाहीत, ती साधारण क्षमतेच्या ५५ टक्के आहे, म्हणून उन्हाच्या वेळी पण ते चालूच. पाणी वर चढवून रात्री वीज करायचं तंत्र, पंप्ड स्टोरेज, आपल्याकडं नवीन नाही, घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प कधीपासून चालू आहे. बॅटरी आहे, लाईनी आहेत. आम्ही मागितलं ते हे. (पंप्ड स्टोरेज पण घाटातलं जंगल बघून करा, नाहीतर परत आम्हीच तुम्हाला पत्र लिहिणार.)

शिवाय आमच्या मोठ्या कस्टमरकडून आता फॉर्म येतात, एक किलो कास्टिंगला किती युनिट, ती वीज कसली, कार्बन किती. युरोपनं लोखंड-पोलादावर कार्बनचा कर सुरू केलाय, आज आमच्या मालाला लागतो न लागतो, उद्या लागणारच. तेव्हा कोळशाची वीज आम्हाला महागात पडणार आणि ऑर्डर दुसरीकडं जाणार. तेव्हा पाहुणे येऊन काय भाषण करणार?

खाणकामगारांचं वाईट मला चिंतायचं नाही. चंद्रपूर, घुग्घुस, वणी, उमरेड, तिथली माणसं आपलीच आहेत, त्यांच्या पगारावर आख्खी बाजारपेठ उभी आहे. आमच्याकडं शाहू महाराजांनी काढलेली शाहू मिल बंद पडली तेव्हा शहरानं बघितलंय, आधी काही ठरवलेलं नसलं की बंद पडणं म्हणजे काय असतं. म्हणून तर साल आत्ता ठरवा म्हणतोय. वीस वर्षं आधी सांगितलं तर माणूस पोराला दुसरं काहीतरी शिकवतो, सहा महिने आधी सांगितलं तर तो फक्त मोर्चा काढू शकतो.

तर मागण्या सरळ लिहितो.

एक, कोळशाचा सालवार तक्ता जाहीर करा: उत्पादन कुठल्या साली सगळ्यात वर जाणार आणि त्यानंतर दर वर्षी किती खाली येणार. संसदेत मांडा, म्हणजे पुढच्या सरकारलाही तो सहज फिरवता येणार नाही. हे झालं तर बाकीच्या अर्ध्या गोष्टी आपोआप जागेवर येतील.

दोन, तो तक्ता येईपर्यंत दाट जंगलातला आणि वाघांच्या वाटेवरचा एकही नवा ब्लॉक लिलावात घालू नका, आणि हसदेवबद्दल विधानसभेच्या ठरावाचा मान ठेवा.

तीन, खाण किती का टक्के वाढेना, जनसुनावणी आणि ग्रामसभा झालीच पाहिजे, आणि अहवाल तिथल्या लोकांच्या भाषेत, महिनाभर आधी. सूट देणारी पत्रकं परत काढू नका.

चार, २०१० पासून कोळशाच्या उपकरातून किती गोळा झाले आणि स्वच्छ ऊर्जेवर किती खर्च झाले याचा हिशोब द्या, आणि इथून पुढं कोळशावरच्या कराचा ठरावीक हिस्सा वीजवाहिन्या, साठवणूक आणि खाणपट्ट्यातल्या माणसांसाठी कायद्यानं बांधून ठेवा. खाणींकडून जिल्ह्यासाठी घेतला जाणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा २०१५ पासून जमतोय, तो प्रवेशद्वारांच्या कमानींवर न घालवता कामगारांच्या पोरांच्या ट्रेनिंगवर घाला.

पाच, धुराच्या नियमातली सूट मागं घ्या.

सहा, लहान उद्योगांना शेडवर सोलर आणि सोबत बॅटरी लावायला कमी व्याजाचं कर्ज द्या, नेट मीटरिंगच्या, म्हणजे आमची जादा सोलर वीज बिलात वळती करायच्या, अटी दर वर्षी बदलू नका. हे एवढं आमच्या नावावर केलंत तर आम्ही स्वतः टाळ्या वाजवू.

या पत्राची प्रत कोल्हापूर आणि हातकणंगले, दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांना देतोय. त्यांना विनंती की पक्ष बाजूला ठेवून येत्या अधिवेशनात पहिल्या मागणीवर तारांकित प्रश्न लावावा, आणि चौथीच्या हिशोबावर लेखी उत्तर घ्यावं. चंद्रपूर-यवतमाळच्या खासदारांनी पण सोबत सह्या केल्या तर बरं होईल, त्यांच्या भागातला विषय आहे.

आपला,
एक फाउंड्रीवाला,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर